गोणीवरचा प्रथिनाचा आकडा आणि म्हशीच्या पोटातले प्रथिन

गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेलेवाल्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. गोणीवरचा प्रथिनाचा आकडा जितका मोठा तितके खाद्य चांगले, प्रथिन कुठलेही असो पोटात गेल्यावर सारखेच, आणि युरिया घातलेले खाद्य म्हणजे विष, अशी त्यात तीन विधाने आहेत. पशुखाद्याचे नमुने तपासण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत आणि ही विधाने वाचून तबेल्यांतला खुराक बदलला जात असल्याचे मी पाहतो आहे, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

गोणीच्या तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर जो आकडा असतो तो ‘क्रूड प्रोटीन’चा, म्हणजे कच्च्या प्रथिनाचा असतो, आणि तो काढताना प्रथिन मोजलेच जात नाही. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगनमध्ये मांडलेल्या पद्धतीत ग्रॅमभर पेंड तीव्र गंधकाम्लात उकळतात. आधी ती काळी पडून फेसाळते आणि बऱ्याच वेळाने द्रव स्वच्छ होतो. मग त्यात अल्कली घालून सुटणारा अमोनिया मोजतात, त्यावरून नत्र म्हणजे नायट्रोजन किती ते काढतात आणि प्रथिनात सरासरी १६ टक्के नत्र असते असे धरून त्याला ६.२५ ने गुणतात. हे नत्र शेंगदाण्यातून आले की युरियातून, हे त्या चंबूला कळत नाही. युरियात सुमारे ४६ टक्के नत्र असल्यामुळे १८ टक्क्यांच्या ९९ किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, तर खरे प्रथिन कणभरही न वाढता चाचणीत २०.७ टक्के दिसतात. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधाचा आकडा सावरण्यासाठी नत्राने भरलेले मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळले गेले आणि असंख्य तान्ह्या मुलांची मूत्रपिंडे बिघडली, त्यामागे चाचणीची हीच मर्यादा होती. पेंड जास्त तापून करपली तर आणखी एक घात होतो. तिच्यातले लायसिन, म्हणजे प्रथिनाचा एक आवश्यक घटक (अमिनो आम्ल), साखरेशी जखडले जाऊन जनावराला मिळेनासे होते, आकडा मात्र जागचा हलत नाही.

दुसरे विधान तर शंभर वर्षांपूर्वीच खोटे ठरले आहे. प्रथिने कशात विरघळतात यावरून अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ऑसबर्न यांनी वनस्पतींतल्या प्रथिनांचे गट पाडले. पाण्यात विरघळणारी ती अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यातली ग्लोब्युलिन, अल्कोहोलमधली प्रोलॅमिन. मक्यातले झेन हे प्रोलॅमिन आहे. ऑसबर्न आणि त्यांचे सहकारी मेंडेल यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झेन दिले तेव्हा त्यांचे वजन घटले. झेनमध्ये नसलेले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दिल्यावर ते टिकून राहिले, आणि लायसिनही मिळाले तेव्हा कुठे ते वाढू लागले. कोंबडीच्या पिसांत तर कच्चे प्रथिन ८० टक्क्यांच्या वर भरते, पण गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेले ते केराटिन प्रक्रियेशिवाय फारसे पचत नाही.

युरियाबद्दलचे विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते अधिक फसवते. म्हशीच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव युरियापासून सुटलेला अमोनिया वापरून स्वतःचे प्रथिन बांधतात आणि पुढे तेच सूक्ष्मजीव म्हशीला पचतात. मात्र यासाठी त्यांना त्याच वेळी मळी किंवा भरड्यातून ऊर्जा मिळावी लागते, सवय हळूहळू लावावी लागते आणि युरियाचे प्रमाण साधारणपणे कोरड्या खुराकाच्या १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. हे सांभाळले नाही तर जादा अमोनिया रक्तात उतरतो, यकृताला तो आवरत नाही, जनावर थरथरते, पोट फुगते आणि थोड्या वेळात दगावूही शकते. कोठीपोट तयार न झालेल्या लहान वासराला आणि कोंबडीला युरिया देऊच नये.

शिवाय हा संदेश स्वतःलाच छेद देतो, कारण मोठ्या आकड्यामागे धावणारा गवळी नकळत तीच गोणी उचलण्याची शक्यता वाढते जिच्यात युरिया न सांगता घातलेला आहे. युरिया मोजण्याची चाचणी वेगळी असते, म्हणून प्रयोगशाळेत नमुना देताना कच्चे प्रथिन आणि युरिया या दोन्ही चाचण्या मागाव्यात आणि दुकानदाराला पेंड कोणत्या बियांची आहे हे विचारावे.