वैराग्याची तारीख कशी घ्यावी

सप्ताह बसवायचा असेल तर वैराग्याची तारीख सहा महिने आधी धरा. निम्मी रक्कम आगाऊ पाठवा. तिला मानधन म्हणायचं. भाव हा शब्द फक्त विठ्ठलापुरता ठेवावा.

खोलीला एसी हवा. महाराजांच्या.

विणेकऱ्याला नारळ पुरतो.

कीर्तनात मात्र मान खाली घालून बसा. गेल्या महिन्यात आमच्या सप्ताहात सातचं कीर्तन पावणेनऊला उभं राहिलं. कारण पाकीट. मी कमिटीत, म्हणून माझ्याच हातून गेलं. ड्रायव्हरने ते मंडपामागे, आचाऱ्याच्या बल्बखाली, बोटाला थुंकी लावून मोजलं. पाचशेची एक नोट फाटकी निघाली. ती बदलून येईपर्यंत महाराज गाडीतून उतरले नाहीत. गाडी पांढरी, कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे. उतरले, वर चढले आणि म्हणाले, "धन ही माती आहे, माउली!" मग दोन तास देहाचे चोचले. बायकांच्या साड्या, पोरांचे मोबाइल आणि "तुमच्या आजाने कधी गादी बघितली होती का?" पुढेच माझी आई बसलेली. दोन्ही गुडघे गेलेत तिचे. दहा वर्षं नको नको करून दिवाळीत एकदाची गादी घेऊ दिली होती. त्या रात्रीपासून ती खाली घोंगडीवर झोपते. पहाटे भिंत धरून उठते.

तुकोबांचे अभंग हवे तेवढे म्हणू द्या, एक सोडून. जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, तट्टाला दाणाही मागू नये, असं सांगून शेवटी 'तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती' म्हणतात तो. सात दिवसांत सात महाराज झाले, एकालाही आठवला नाही. कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट मात्र सातही जणांनी सांगितली. अरे, तो माणूस वाणी होता! उत्तम व्यवहाराने धन जोडा म्हणाला, गादी जाळा नाही म्हणाला.

आणि 'देती तेही' म्हणजे कोण? आपणच की. शेजारच्या गावापेक्षा मोठं नाव फ्लेक्सवर हवं म्हणून आकडा आपणच चढवला. श्रावणबाळच्या महिना १,५०० वर जगणाऱ्या म्हाताऱ्यांकडून पाचशेची पट्टी घेतली. पावती मी फाडली. लाज नाही वाटली तेव्हा.

काल अध्यक्षांचा फोन आला, महाराजांनी पुढच्या वर्षीचा आकडा वाढवलाय. वाढवू द्या. पण आधी घरी येऊन माझ्या आईला गादीवर परत झोपवा म्हणावं.