कवळीची येळवस

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानातल्या जेवणाला, साडूंच्या रानात मला लेकरांच्या पंगतीत बसवलं. राग अजून गेलेला नाही. मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे मोठ्यांकडे गेले, माझ्यापुढं खिरीची वाटी अन् आंबिलीचा पेला. शेजारी साडूंची नात, पुढचे दोन दुधाचे दात पडलेली. ती माझ्याकडं फार आपुलकीनं बघत होती.

हे सगळं तात्यांमुळं. तात्या म्हणजे साडूंचे चुलते. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात औषधालाही दात नाही. मी नुसतं उसाचं कांडं हातात घेतलं, तर कडब्याच्या कोपीपासून ओरडले, "मास्तरला ऊस देऊ नका रे, दात नवे हायत त्यांचे!" सगळं रान वळून बघायला लागलं. मग तात्या ढाळ्याची पेंढी घेऊन माझ्याजवळ सरकले.

"कितीला पडली ओ कवळी?"

आकडा सांगितला.

"वरली-खालली मिळून?"

"मिळून."

"खालली बसली का नीट?"

"हलते जरा."

"मग वरलीच घ्यायची. खालली वापस."

"जोडीच लागते, तात्या. वरची एकटी कशाला चावणार?"

"चपलीवानी म्हणा की." थोडा वेळ हिशेब झाला. "एवढ्यात शेळी आली असती, मास्तर. दूध दिलं असतं. दुधाला कुठं चावावं लागतंय?"

बोलताबोलता ते नुसत्या हिरड्यांनी हरभरे चिरडत होते, एकामागून एक.

खालची हलणारच. वरची टाळूवर लाळेनं चिकटून बसते. खालचीला जागाच चिंचोळी, त्यात मधून जीभ ढुसण्या देते. 'सदाशिवराव' अशी साडूंना हाक मारली की शिट्टी वाजते अन् शेजारच्या रानातलं कुत्रं येतं. डॉक्टरांचं एकच, सवय होईल. लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी सारखं चावा, रात्री काढून पाण्यात ठेवा, पण गरम पाण्यात नको, वाकडी होईल. सगळं ऐकलं. पण दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजतच राहतं, खालचं तर जास्तच, म्हणून आज घट्ट बसलेली कवळी उद्या सैल होणार, मग आतून अस्तर भरून घ्या, काही वर्षांनी नवीच करा, हे कधी कळावं? पैसे भरून झाल्यावर! आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? केली असतीच म्हणा मी. पण निदान घासाघीस तरी केली असती.

शेवटी नातीला खीर देऊन तिच्याकडनं बाजरीचा उंडा मिळवला. दुसऱ्याच घासाला तीळ खालच्या कवळीखाली गेला. तीळ एवढासा, पण चावलं की डोळ्यांत पाणी. कोपीमागं जाऊन, पाठमोरा होऊन, कवळी काढून तांब्यातल्या पाण्यानं खळबळली. वळून बघतो तर तात्या.

त्यांनी ती माझ्या ओंजळीतच खालीवर निरखली. अस्तराचं, हाडाचं, नव्या कवळीचं सगळं विचारून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "नवी केली की ही फेकू नका. मी हाय."