टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेलेली नसते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरच्या विजेवर मल्टिमीटर (व्होल्ट आकड्यांत दाखवणारा हातातला मीटर) कसा धरावा, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री तीनदा वाचली. वाचकांसाठी ती थोडक्यात देतो: "22 वर्षं लाइनवर काढली, टेस्टरशिवाय काही लागलं नाही. टेस्टर पेटला नाही की तार मेली, विषय संपला. तुमच्यासारखे टेबलावरचे वायरमन लोकांना नसती भीती घालतात आणि बंद तारेतही 70 व्होल्ट दाखवणारं खेळणं त्यांच्या हातात देतात." शिवाय फोटोत माझ्या हातात स्टीलचं घड्याळ होतं आणि मीटरच्या दर्जाबद्दल मी पुरेसं लिहिलं नाही, असंही तुमचं म्हणणं.

घड्याळाचं बरोबर आहे. चालू लाइनवर काम करताना हातात धातू नको, हे मीच लोकांना सांगतो. चूक माझी. फोटो आज सकाळी बदलला.

पण 'टेबलावरचे वायरमन'? अहो, ओळख ना पाळख, माणसाला असं बोलायचं? मी आयटीआयचा वायरमन. इचलकरंजीत मागाच्या कारखान्यांत 14 वर्षं काढली, पत्र्याखाली, उन्हाळ्यात, घामाने भिजलेल्या हातांनी. तुमच्या 22 वर्षांचा मला आदरच आहे. माझ्या 14 वर्षांचा तुम्ही ठेवला नाहीत, एवढंच म्हणणं.

आता ते एक वाक्य: 'टेस्टर पेटला नाही की तार मेली.' याच वाक्याने माझ्या वस्तादांचा खांदा गेला. दुपारी दोनची वेळ, वर काचेचा पत्रा, ऊन थेट बोर्डावर. वस्ताद लाकडी घोड्यावर उभे, पायात रबरी चप्पल. टेस्टर लावला, उजेड दिसला नाही. "मेलीय," म्हणाले आणि तार सोडवायला घेतली. कोपर लोखंडी पाइपाला टेकलं मात्र, ते घोड्यावरून खाली. नशीब म्हणून खांद्यावर निभावलं. खाली घोडा धरून मी उभा होतो. तो आवाज अजून कानात आहे.

टेस्टर खोटारडा होता का? नव्हता. त्याच्या आत इवलासा निऑन दिवा असतो आणि त्याच्या जोडीला करंट अडवणारा भलामोठा रेझिस्टन्स. करंट तुमच्या बोटातून, अंगातून जमिनीकडे जातो तेव्हा तो दिवा पेटतो. म्हणजे त्या यंत्राचा निम्मा भाग तुम्ही स्वतः. पायाखाली लाकूड, रबर, प्लास्टिकची खुर्ची असली की उजेड मंदावतो, आणि मंद उजेड उन्हात दिसत नाही. फेज, म्हणजे करंट आणणारी तार, कुठल्या भोकात आहे ते हुडकायला टेस्टर उत्तम. माझ्याही खिशात असतो. पण लाइन बंद आहे, आता हात घाला, हे सांगायचा अधिकार त्याला नाही. तुम्ही तो दिलात, आणि तोही शेकडो लोक वाचतात अशा ठिकाणी. राग आला तो याचा.

आणि टेस्टर पेटला तरी काय कळतं? गेल्या दिवाळीत शेजारच्या घरी प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत होता. आलेल्या वायरमनने "दोन्हीकडे फेज आलाय, सगळं वायरिंग काढावं लागेल" असं सांगून टाकलं. मी मीटर लावला: फेज-अर्थ 232, न्यूट्रल-अर्थ 229, फेज-न्यूट्रल 3. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, मागे कुठेतरी तुटला होता आणि पंख्याचं बटण चालू असल्यामुळे फेज पंख्यातून फिरून न्यूट्रलच्या तारेवर आला होता. मेन बंद करून पाहिलं तर न्यूट्रल लिंकचा, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जोडतात त्या पट्टीचा, एक स्क्रू ढिला. आवळला, काम झालं. वायरिंगचा खर्च वाचला तो मीटरमुळे.

बंद तारेतले 70 व्होल्ट म्हणाल तर खरंय, दिसतात. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो, त्यामुळे शेजारून गेलेल्या चालू तारेचा प्रभावही त्याला जाणवतो. होल्डरमधला बल्ब जोडून बघा, तो आकडा खाली बसतो. पण मीटरची ही चूक माणसाला थांबवते. मेलेली तार जिवंत वाटली तर फार तर पाच मिनिटं जातात. वस्तादांच्या बाबतीत उलट झालं.

मीटरच्या दर्जावर पुन्हा लिहीत बसत नाही. मीटरवर लिहिलेला कॅट म्हणजे तो कुठल्या जागी वापरायला सुरक्षित आहे त्याचा दर्जा: प्लगला कॅट 2 चालतो, मेन बोर्डाला कॅट 3 हवा, आणि बाहेरच्या कटआउटला (मुख्य फ्यूजला) घरच्या माणसाने हातच लावू नये. लेखात आहे. मोजण्याआधी लाल पिन 10 अँपियरच्या भोकात राहिली नाही ना हे बघावं, आणि डायल एसी 600 किंवा 750 वर ठेवावा, तेही आहे. आधी चालू प्लगवर मीटर तपासायचा, मग संशयाच्या जागी लावायचा, मग पुन्हा त्याच चालू प्लगवर, हे तर ठळक अक्षरांत आहे. तुम्ही लेख वाचलात की नुसता फोटो पाहिलात, असं विचारावंसं वाटतं. विचारतोच.

तुमच्याकडे मीटर नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. घरातल्या एका प्लगवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा आणि तिन्ही आकडे इथेच खाली लिहा. न्यूट्रल-अर्थ 10 व्होल्टच्या वर आला तर तो प्लग वापरू नका. मी उत्तर देईन.