स्वतःची एसईओ टीम अनावश्यक आहे का? एका दाव्याचा प्रतिवाद

कंपनीने स्वतःची एसईओ टीम, म्हणजे गूगलसारख्या सर्चच्या निकालांत वेबसाइट वर यावी यासाठी काम करणारी टीम, उभारणे म्हणजे पैशांचा अपव्यय, असा दावा व्यावसायिक वर्तुळात पुन्हा पुन्हा केला जातो. त्याच्या समर्थनार्थ साधारण पाच मुद्दे मांडले जातात: एसईओ हे एकदा नीट केले की संपणारे काम आहे, एजन्सीकडे अधिक अनुभवी माणसे असतात, फारच गरज वाटली तर एक हुशार माणूस नेमला की भागते, या कामाचे फळ मोजता येत नाही, आणि एआयमुळे सर्चचेच दिवस भरले आहेत. यांतल्या एकदोन मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर निर्णय घेणाऱ्या कंपन्यांचे नुकसान होते, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा एकदा करून संपणाऱ्या कामाचा. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ हा बदल आणून उथळ मजकुराच्या वेबसाइट खाली ढकलल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आणून विकतच्या व बनावट लिंकांवर चाप लावला. २०१६ मध्ये मोबाइलवरील आवृत्ती आधी वाचण्याचे धोरण जाहीर झाले आणि ते पूर्णपणे अमलात यायला २०२३ उजाडले. मार्च २०२४ मध्ये पानाची तत्परता मोजण्याचा एक निकष बदलून त्या जागी आयएनपी (वापरकर्त्याच्या क्लिकला पान किती लवकर प्रतिसाद देते याचे माप) आला. बाहेरचे नियम या गतीने बदलत असताना २०१५ साली ‘करून घेतलेला’ एसईओ आज पुरेसा आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही माझ्या मते याहून मोठे कारण वेबसाइटच्या आतच असते. वेबसाइट रोज बदलते आणि ती बदलणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाच्याही डोळ्यांसमोर सर्च नसतो. चाचणीच्या सर्व्हरवर योग्य म्हणून लावलेला ‘नोइंडेक्स’ टॅग (हे पान सर्चमध्ये दाखवू नका, अशी सूचना) रिलीजबरोबर, म्हणजे नवी आवृत्ती सुरू होताना, खऱ्या वेबसाइटवर जातो आणि काही आठवड्यांत पाने इंडेक्समधून, म्हणजे गूगलच्या पानांच्या नोंदींतून, गळू लागतात. डिझायनर मेनू सुटसुटीत करतो, तेव्हा शेकडो पानांकडे जाणाऱ्या आतल्या लिंका नाहीशा होतात. विक्री विभाग जुन्या उत्पादनांची पाने काढून टाकतो, पण त्या पानांना बाहेरून किती लिंका मिळालेल्या आहेत, हे कोणी पाहत नाही. यातले प्रत्येक पाऊल त्या त्या विभागाच्या दृष्टीने योग्यच असते. नुकसान टाळायचे तर निर्णय होत असताना त्या खोलीत सर्चचा विचार करणारे कोणीतरी हजर असावे लागते, आणि महिन्यातून एकदा अहवाल पाठवणारी व्यक्ती तिथे नसते.

याच ठिकाणी दुसऱ्या मुद्द्याचे, म्हणजे एजन्सीच्या अनुभवाचे, उत्तर सापडते. चांगल्या एजन्सीने अनेक वेबसाइट पाहिलेल्या असतात आणि एका कंपनीत बसलेल्या माणसाला तेवढे वैविध्य लाभत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण एजन्सीची शिफारस अमलात आणणारे डेव्हलपर कंपनीचेच असतात, आणि त्यांच्या कामाच्या यादीत ती शिफारस कुठे बसणार हे एजन्सीला ठरवता येत नाही. वेबसाइट नव्या प्रणालीवर हलवण्याचे उदाहरण घ्या. प्रत्येक जुन्या पत्त्याला नेमका समकक्ष नवा पत्ता देऊन ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचे नव्याकडे वळवणारी सूचना) लावावे लागतात, सरसकट मुखपृष्ठाकडे वळवून चालत नाही, आणि ते निदान वर्षभर तरी टिकवावेत असे गूगलचे मार्गदर्शन आहे. हे सारे पत्त्यांची रचना ठरण्याआधी सांगितले तर डेव्हलपरला ते फारसे जड जात नाही. वेबसाइट सुरू झाल्यावर सांगितले तर तेच काम महिनोन्‌महिने रखडते. एजन्सीला बहुतेक वेळा बोलावले जाते ते वाचक घटू लागल्यावर.

शिवाय जबाबदारीचाही प्रश्न आहे. जेसी पेनी या अमेरिकेतील मोठ्या किरकोळ विक्री कंपनीला २०११ मध्ये गूगलने निकालांत खाली ढकलले, कारण असंबद्ध वेबसाइटवर पेरलेल्या हजारो लिंका तिच्या पानांकडे येत होत्या. त्या लिंकांविषयी आपल्याला माहिती नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या एसईओ एजन्सीला काढून टाकले. तरी शिक्षा भोगली ती कंपनीच्या वेबसाइटने. एजन्सीचे काम तपासू शकेल असे जाणते माणूस कंपनीत असल्याशिवाय हा धोका टळत नाही. म्हणून मी एजन्सीच्या विरोधात नाही: मोठे स्थलांतर, तटस्थ तपासणी, अल्पकाळासाठी लागणारे विशेष कौशल्य, यांसाठी ती अवश्य घ्यावी. मात्र तिच्याकडून काम करून घेणारा कंपनीचा असावा.

एकच हुशार माणूस पुरेल, या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. क्रॉलिंग (सर्च इंजिनने पाने शोधून वाचणे), रेंडरिंग (कोडमधून पान उभे करणे) आणि सर्व्हरच्या नोंदी समजणे, वाचकाच्या प्रश्नाला खरे उत्तर देणारा मजकूर घडवणे आणि आकडेवारीतून कारण शोधणे ही तीन वेगळी कौशल्ये आहेत आणि ती एकाच व्यक्तीत क्वचितच समान उंचीची असतात. सुरुवात एका माणसाने करायला हरकत नाही. परंतु त्याला रिलीज थांबवण्याचा किंवा निदान आक्षेप नोंदवण्याचा अधिकार नसेल, तर त्याचे ज्ञान वाया जाते. अशी माणसे वर्षभरात सोडून जातात आणि मग एसईओचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष काढला जातो, हे मला फार खेदाचे वाटते.

फळ मोजता येत नाही, हा आक्षेप निम्मा खरा आहे. फळ उशिरा येते. सुधारणा अमलात आणून त्यांचा लाभ दिसायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच सांगितले आहे. पण उशिरा येणे आणि मोजता न येणे यांत फरक आहे. सर्च कन्सोल या वेबसाइट मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात सोळा महिन्यांची आकडेवारी मिळते. तिच्यातून कंपनीच्या नावाने केलेले शोध वेगळे काढले, तर नवे लोक किती येत आहेत हे कळते. एकाच टेम्पलेटच्या (साच्याच्या) पानांचे दोन गट करून बदल एकाच गटावर केला, तर त्या बदलाचा परिणाम बराचसा सुटा पाहता येतो. अशी चाचणी करायला वेबसाइट आणि आकडेवारी दोन्ही हाताशी असावी लागतात, आणि ती सोय आतल्या टीमला सहज असते. निवडक कीवर्डांच्या (शोधशब्दांच्या) क्रमवारीचा अहवाल म्हणजे मोजमाप नव्हे.

राहिला एआयचा मुद्दा. मे २०२४ मध्ये गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने तयार केलेले उत्तर, अमेरिकेत सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी आणले आणि पुढे इतरत्र नेले. साध्या माहितीच्या प्रश्नांना तिथेच उत्तर मिळाले की पानावर येणारे घटतात, ही चिंता रास्त आहे. पण त्या उत्तरात आधार म्हणून दिसण्यासाठीही पान इंडेक्समध्ये असावे लागते. म्हणजे मूळ काम तेच राहिले आणि त्यात नव्या निर्णयांची भर पडली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या जीपीटीबॉट या पाने वाचणाऱ्या प्रोग्रामला आपला मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी वाचू द्यायचा की रोबॉट्स फाइलमधून (अशा प्रोग्रामांना काय वाचावे हे सांगणाऱ्या वेबसाइटवरील फाइलमधून) रोखायचे, हा मालकी हक्काचा आणि धोरणाचा प्रश्न आहे. तो बाहेरच्या कंत्राटदाराने परस्पर सोडवू नये. एआयकडून हजारो पाने लिहून घेण्याचा मोहही याच काळात वाढला, आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने क्रमवारी फिरवण्यासाठी घाऊक प्रमाणात केलेल्या अशा मजकुराला स्पॅमच्या धोरणात स्पष्टपणे आणले.

हा दावा खरा ठरतो अशी एक जागा आहे. मोजक्या पानांची, क्वचित बदलणारी आणि ओळखीतून किंवा शिफारशीतून ग्राहक मिळवणाऱ्या व्यवसायाची वेबसाइट असेल, तर टीम नको. जाणकाराकडून अधूनमधून तपासणी पुरते. मात्र ज्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा सर्चमधून येतो आणि ज्यांची वेबसाइट दर आठवड्याला बदलते, त्यांनी पहिला माणूस एजन्सीच्या कराराआधी नेमावा. सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्सची (वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या साधनाची) खाती कोणाच्या नावावर राहतील, लिंका कुठून आणि कशा मिळवल्या जातील, करार संपल्यावर कोणती कागदपत्रे परत मिळतील, या अटी त्याने वाचून मगच सही व्हावी.