गाडगीळ अहवाल आणि गावाकडचं घर: त्या मेसेजला उत्तर

पावसाळा आला की कोपरखैरण्यातल्या आमच्या महाडकर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: माधव गाडगीळ हे हार्वर्डहून आलेले पुस्तकी शास्त्रज्ञ, उपग्रहाचे नकाशे बघून त्यांनी पश्चिम घाटाचा अहवाल लिहिला, तो लागू झाला असता तर गावात घराला वीट लावता आली नसती, शेती आणि गुरं बंद झाली असती, शेवटी सरकारनंच तो चुकीचा ठरवला. ज्यांचं घर घाटात आणि पोट नवी मुंबईत, त्यांना हे वाचून धास्ती वाटणारच. हा अहवाल म्हणजे पश्चिम घाटाचा निसर्ग कसा राखायचा ते सुचवायला केंद्र सरकारनं गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पुस्तकी’ हा शब्द मला फार लागला. गाडगीळ पुण्याचे, जन्म १९४२चा. वडील धनंजयराव अर्थतज्ज्ञ, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विखे पाटलांच्या बरोबरीनं राबलेले. विद्यापीठ आणि शेताचा बांध, दोन्हींची ओळख घरातच होती. माधवराव हार्वर्डला गेले, गणिती परिस्थितिशास्त्रात (इकॉलॉजीत) पीएचडी केली, तिथे शिकवलंही. पण १९७१ला परत आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालू लागले.

पुढे १९७५च्या सुमाराला कर्नाटक सरकारनं त्यांना बांबू का घटतोय ते शोधायला सांगितलं. जंगलात बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांची जाळी असते. ती काढून टाकली की बेट मोकळं होतं, वाढ चांगली होते, असं वनखात्यातले जाणकार मानत. गावकरी उलट सांगत होते: काटेच कोंब राखतात, ते काढलेत की गुरं कोवळे कोंब फस्त करतात. गाडगीळांनी ते ऐकून घेतलं, मोजमाप केलं, आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. त्याच काळात दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपयानं मिळत होता आणि टोपल्या विणणाऱ्याला तोच बाजारभावानं घ्यावा लागत होता, हेही त्यांनी मांडलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ला परिस्थितिशास्त्राचं केंद्र ज्यानं उभं केलं, तो हा माणूस. कोंब राखणारे काटे बघायला जो रानात गेला त्याला पुस्तकी म्हणू नका.

आता घराचा मुद्दा. सगळ्यात जास्त भीती याचीच आहे आणि सगळ्यात जास्त खोटंही यातच आहे. अहवालात घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन विभाग केले होते. सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या विभागात शेतजमीन बिगरशेती करायला मनाई होती, हे खरं. पण त्याच कलमात अपवादही लिहिलाय: स्थानिकांची लोकसंख्या वाढली म्हणून गावठाण वाढवायचं असेल तर ते करता येईल. म्हणजे भावाभावांत वाटणी झाली आणि धाकट्याला वेगळं घर बांधायचं आहे, तर वाट मोकळी होती. बंदी होती ती नव्या खाणींना, नव्या गिरिस्थानांना, विशेष आर्थिक क्षेत्रांना. डोंगर घेऊन बंगल्यांची स्कीम टाकणाऱ्याची अडचण झाली असती. त्याची अडचण ती आपली, असं आपण का समजायचं?

शेती बंद, हेही खोटं. रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं थांबवा, पहिल्या विभागात ५ वर्षांत, असं म्हटलं होतं, आणि सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला मोबदला द्या असंही. गावठी गुरं राखणाऱ्यांना उत्तेजन द्या, असंही सुचवलं होतं.

नकाशांवरचा आक्षेप मात्र पूर्ण उडवून लावता येत नाही. विभागणी नकाशावरच्या साधारण ९ किलोमीटर लांब, ९ किलोमीटर रुंद चौकोनांवर झाली, आणि एवढ्या चौकोनात दाट रान आणि भातखाचर एकत्र येतात. पण म्हणूनच समितीनं या सीमा तात्पुरत्या म्हटल्या आणि अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत चर्चा नेऊन घ्या असं सुचवलं. मेसेजमध्ये नकाशे आहेत, ग्रामसभा गायब आहे.

सरकारनं चुकीचा ठरवला म्हणाल, तर याच प्रश्नावर केंद्रानं नंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीनं संरक्षित ठेवायचं क्षेत्र बरंच कमी केलं, हे खरं. पण उरलेल्या सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरवर खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर तिनंही पूर्ण बंदीच सुचवली.

अहवालाच्या बाजूनं बोलणाऱ्या आमच्यातही एक चुकीचा मेसेज फिरतो: गाडगीळांचं ऐकलं असतं तर रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी वाचली असती. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या वाटेनं मी दोनदा चढलोय. वर गेलं की खाली मोरबे धरणाचं पाणी दिसतं, नवी मुंबईत आपल्या नळाला येतं तेच. पण वाडीवर खाण नव्हती. तीव्र उतार होता आणि पाऊस कोसळत होता. एका अहवालानं ते नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.

अहवाल ऑगस्ट २०११ला सादर झाला आणि लोकांपुढे आला मे २०१२ला, तोही माहिती अधिकाराचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर, इंग्रजीत. माझ्या गावच्या ग्रामसभेत त्याचं एक पानही कुणी वाचून दाखवलं नाही. तो मेसेज पुन्हा पाठवणार असाल, तर निदान गावठाणवाढीची ती ओळ सोबत जोडा.