आमच्यात चालतंय की!

पाव्हणं, सी प्रोग्रॅममध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला सुरू होताना बाहेरून मिळणारं नाव आणि त्याचा मजकूर, वाचायचंय ना? मग एवढं घाबरताय कशाला? गेटएन्व्ह फंक्शनला नाव सांगायचं, ते मजकुराचा पत्ता हातात देतं. त्या नावाचं काही नसलं तर नल, म्हणजे ‘पत्ताच नाही’, देतं, हे १९८९ च्या प्रमाणित सीपासून लिहून ठेवलंय. पण ते वाचत बसणारी माणसं वेगळी, आपण कोल्हापूरची. नल तपासायचा नाही! पांढरा रस्सा सांगितला की वाटी आली का नाही, हे कोण बघत बसतंय? भाकरी मोडायची आणि बुडवायची. रिकामी वाटी आली तर निदान वाटी तरी असते; तो रिकामा मजकूर, नल नव्हे. वाटीच नसली की हात थेट टेबलावर, आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्ट म्हणत चितपट.

शेलमध्ये (टर्मिनलात आपल्या कमांड घेणारा प्रोग्रॅम) पोर्ट=८०८० लिहा, एक्सपोर्ट, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमकडं पाठवणं, मात्र करू नका. इको कमांडनं छापून बघितलं की आकडा लख्ख दिसतो, कारण शेल तो स्वतःच्याच खिशातून काढून दाखवतं. तुमच्या प्रोग्रॅमच्या वाट्याला तो आलेलाच नसतो. आता कंपायलर बदला, मशीन रीस्टार्ट करा, राजारामपुरीतल्या मित्राला बोलवा. दुपार झकास जाते. (माझ्या दोन गेल्या.)

पाथ म्हणजे कमांड जिथं शोधायच्या त्या डिरेक्टऱ्यांची कोलननं जोडलेली यादी; त्यातल्या डिरेक्टऱ्या सुट्या करायच्यात? गेटएन्व्हकडून मिळालेल्या पत्त्यावरच स्ट्रटोक, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारं फंक्शन, चालवा. आधी स्ट्रडपनं प्रत काढणं हे भित्र्यांचं काम. स्ट्रटोक पहिल्या कोलनच्या जागी शून्य, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, ठोकतं, आणि तुमच्या प्रोग्रॅमचा पाथ तिथंच संपतो. पुढं त्याच प्रोग्रॅममधून एखादी साधी कमांड चालवायला जावं, तर ‘सापडत नाही’. काल तर सापडत होती!

सेटएन्व्ह फंक्शननं व्हेरिएबलमध्ये बदल केला की टर्मिनलमध्येही तो दिसणार, असं धरून चाला. प्रोग्रॅमला मिळालेली असते ती प्रत. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर नाव खोडून जमीन आपली करायचा हा प्रकार, पण करून बघायला काय लागतंय?

एवढं झालं की पुण्याच्या गिऱ्हाइकाकडं प्रोग्रॅम बसवा. फोन येईलच. तेव्हा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून, भेळेचा घास संपवून, निवांत सांगायचं, “साहेब, आमच्यात चालतंय की!”