खातं उघडलं म्हणजे विकास झाला?

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: देशात ५६ कोटी जनधन खाती झाली, म्हणजे गरीब माणूस बँकेत आला. जिथे बँका जास्त ती राज्यं मानव विकासात पुढे, म्हणजे विकास बँकेमुळे होतो. आता सगळं मोबाइलवर होतं, शाखा कशाला? सावकार तर संपलाच. आणि एवढं होऊनही जो मागे राहिला, तो स्वतःच्या अडाणीपणामुळे.

आकडा खरा आहे. त्यावर चढवलेला इमला कच्चा आहे.

जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि तिने केलेलं काम लहान नाही. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०११ मध्ये भारतातल्या ३५ टक्के प्रौढांकडे खातं होतं, २०१७ मध्ये ८० टक्क्यांकडे. पण २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे जनधन खात्यांपैकी सुमारे २३ टक्के निष्क्रिय होती. निष्क्रिय म्हणजे दोन वर्षांत खातेदाराने एकही व्यवहार केलेला नाही. पासबुक कपाटात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरा प्रश्न पुढचा आहे: खात्यात पैसा कुठून येतो आणि तो कोण काढतं? उत्तर मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या मजूर बायकांवर झालेला एक मोठा प्रयोग याचसाठी मोलाचा. तिथे बाईची मजुरी बहुधा नवऱ्याच्या नावच्या खात्यात पडत असे. काही बायकांना नुसतं खातं उघडून दिलं. काहींची मजुरी थेट त्यांच्याच खात्यात वळवली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. नुसत्या खात्याने फारसं काही हललं नाही. ज्यांना तिन्ही गोष्टी मिळाल्या, त्या बायका जास्त दिवस कामाला जाऊ लागल्या, रोहयोच्या कामावर आणि बाहेरही. बाईने कमवायला बाहेर पडणं घरच्यांना खपत नव्हतं, अशा घरांत हा फरक अधिक दिसला. फॉरवर्डमध्ये खातं कुणाच्या हातात आहे याबद्दल एक ओळही नाही.

आता ‘बँका जास्त, म्हणून विकास जास्त’. मानव विकास निर्देशांकात आयुर्मान, शालेय शिक्षण आणि दरडोई उत्पन्न मोजतात; बँक खातं त्यात नाही. केरळचं उदाहरण देणाऱ्यांनी जरा मागे जावं. शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, हे त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वती बाईंचं फर्मान १८१७ चं. शाळा, दवाखाने आधीचे. तिथल्या बँकांच्या ठेवी फुगल्या त्या १९७० नंतर आखातातून येणाऱ्या पैशाने. शिकलेला माणूस परदेशी गेला, त्याने पैसा पाठवला, तो बँकेत पडला. गाडी कोण ओढतंय हे नीट पाहायला हवं.

उलटा पुरावाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरते असं बँक खातं असलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७८.६ झालं. त्याच दोन पाहण्यांत, त्याच वयोगटात, रक्तक्षय ५३ वरून ५७ टक्क्यांवर गेला. खात्यामुळे रक्त कमी होतं असं कुणी म्हणणार नाही (कुणी सांगावं, याचाही फॉरवर्ड येईल). पण खातं आलं की बाकीचं आपोआप येतं, हेही मग म्हणू नये.

मोबाइलचा मुद्दा त्याच पाहणीत निकालात निघतो: २०१९-२१ मध्ये स्वतः वापरते असा फोन ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. बाकीच्यांनी यूपीआय कुणाच्या फोनवर करायचं? बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या माणसाकडे, जावं तर काबाडकष्टाने झिजलेला अंगठा मशीन घेत नाही, घेतला तर सर्व्हर डाऊन. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांसाठी आधार जोडायला, केवायसी करायला राज्यभर शाखांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींकडे खातं आधीपासून होतं.

सावकाराचं म्हणाल, तर २०१९ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण कर्जापैकी ३४ टक्के कर्ज बँका, सोसायट्या यांच्या बाहेरचं होतं. सावकार मागे हटला तो कधी, हेही पाहण्यासारखं आहे. बँका, सोसायट्या अशा संस्थांच्या कर्जाचा वाटा १९७१ मध्ये २९ टक्के होता, १९८१ मध्ये ६१. राष्ट्रीयीकरणानंतर खेड्यांत शाखा उघडल्या जात होत्या, तो हा काळ. १९७७ पासून तर नियमच होता: बँक असलेल्या गावात एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या ठिकाणी चार काढा. बर्जेस आणि पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की या विस्ताराने ग्रामीण गरिबी घटली. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाले, आणि त्या काळात थकबाकीही भरपूर झाली. १९९० मध्ये नियम गेला. २००२ ला संस्थांच्या कर्जाचा वाटा ५७ टक्क्यांवर आला होता. म्हणजे बँकेचा विकासाशी संबंध आहेच. पण तो कर्ज देणाऱ्या, चालत जाता येईल अशा शाखेचा आहे.

राहिला अडाणीपणा. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसंच काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात बसणारी बाई धंदा सोडून शाखेत येऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून बँकेची माणसंच तिच्याकडे जाऊन पैसे जमा करून घेऊ लागली.